टोपीवाल्यांची सनद

१

सेंट क्लेमंट या टोपीवाल्यांच्या संताच्या दिवशी सकाळी अकरा वाजता नॅन टर्विल पांढरंशुभ्र टेबलक्लॉथ घेऊन मठाच्या वरच्या दालनात गेली. टेबलावर तिला चार लोखंडी वजनं तेवढी दिसली. वजनांखालची सनद नाहीशी झाली होती.

दाराचं कुलूप तिनंच उघडलं होतं. किल्ली नऊपासून तिच्याच कमरेला होती. वर जायला जिना एकच, स्वयंपाकघराशेजारून, आणि त्याच्या पायथ्याशी स्टूल टाकून ती सकाळभर बटाटे सोलत बसली होती. वर एक मांजरही गेलं नव्हतं, हे तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःच्याच गळ्यात फास अडकवून घेतला.

हिल्डा मेटकाफ तेव्हा बाहेर परांचीवर उभी राहून दक्षिणेच्या भिंतीच्या दरजा चुन्यानं भरत होती. चौसष्ट वर्षांची ही गवंडीणबाई बापाच्या हाताखाली दगड शिकली होती, आणि दगड सोडून बाकी कशाशी बोलायचं तर तिच्या कपाळाला आठी पडायची. खालच्या मुष्टियुद्धाच्या आखाड्याचा उस्ताद बार्नी क्विल हातमोजे न काढताच धावत आला.

"बाई, खाली उतरा. सनद गेली. आणि रेनसाहेब नॅनला चोर म्हणतायत."

हिल्डानं थापी बादलीत टाकली. ती सनद म्हणजे काय चीज आहे, हे आल्डरफोर्ड गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चारशे वर्षांपूर्वी राजानं साधूंना हाकलून मठ जप्त केला, तेव्हा गावानं ही इमारत लोकरीच्या टोप्या करणाऱ्यांच्या मंडळाला दिली. एकाच चामड्यावर करार दोनदा लिहिला आणि मधोमध नागमोडी कापला. अर्धा गावाकडे, अर्धा मंडळाकडे. अट एकच होती. दरवर्षी सेंट क्लेमंटच्या जेवणाला, दोनच्या ठोक्याच्या आत, दोन्ही अर्धे जुळवून दाखवायचे. एक वर्ष जरी चुकलं, तरी मठ गावाचा. आणि गावाच्या पालिकेला तिथं बस-थांबा बांधायचा होता. पाडण्याचा नकाशा तयार होता.

"दोन वाजायला तीन तास आहेत," हिल्डा म्हणाली. "नॅनला म्हणावं, रडायचं असेल तर दोननंतर रड."

२

मंडळाचा प्रमुख कथबर्ट रेन वरच्या दालनात येरझाऱ्या घालत होता. अंगावर स्वच्छ ब्रश केलेला काळा कोट, डोक्यावर मंडळाची तांबडी लोकरी टोपी. सेंट क्लेमंटच्या दिवशी सभासदानं मठाचा उंबरा ओलांडला, की जेवणाअखेर नाव पुकारलं जाईपर्यंत टोपी काढायची नाही, असा रिवाज. टोप्यांचा धंदा बसून शंभर वर्षं झाली, मंडळात अकरा म्हातारे उरले, पण टोपी काही कुणी काढली नव्हती. रेन तर या बाबतीत फारच कडक. दोन वर्षांपूर्वी एका सभासदानं घाम पुसायला टोपी उचलली, म्हणून त्यानं त्याला भर जेवणातून उठवलं होतं.

"हिल्डा, यात तुझं काय काम? पोलिसाला निरोप धाडलाय," तो कपाळाजवळ खाजवत म्हणाला.

"पोलीस शेजारच्या गावाहून येणार. तोवर मी बघते."

"बघण्यासारखं काय आहे? नऊ वाजता मी आणि नॅननं पेटी उघडली, चामडं गुंडाळलेलं असतं म्हणून सपाट व्हायला वजनांखाली ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली तिच्या हातात दिली. दर वर्षीसारखंच. खिडक्या दोन पुरुष उंच. मग ती हवेत विरली का? माझ्या आजोबांनी या छपराखाली बिअरसाठी सातूला मोड आणले. माझा जीव तुटत नसेल?"

हिल्डा दालन न्याहाळत होती. वर साधूंच्या काळचं ओकचं छप्पर, भिंतीत टोपीवाल्यांनी उजेडासाठी फोडलेल्या खिडक्या, पूर्वेला सातूवाल्यांनी पोती चढवायला पाडलेलं आणि पुढं विटांनी बुजवलेलं दार. प्रत्येकानं आपल्या सोयीनं मठाला भोसकलं होतं आणि मठ उभा होता. दक्षिणेच्या भिंतीत एक दगडी कमान होती, वेलबुट्टीची, पण इतकी बुटकी की माणूस तिच्यात फक्त बसू शकेल. तिच्यात फळीचा बाक होता आणि बाकावर नॅननं शिवलेली गादी. तिच्या कंबरदुखीच्या दिवसांत ती तिथं टेकायची.

नॅन दाराशी उभी होती. तीस वर्षं ती मठाची राखणदारीण. मागची एक खोली हेच तिचं घर. मठ गेला तर ते घर जाणार होतं, आणि चोरीचा शिक्का लागला तर गावात कुणी दुसरं देणार नव्हतं. तरी गादीकडे बघून ती न राहवून म्हणाली, "ही उलटी कुणी ठेवली? ठिगळाची बाजू मी कधी वर ठेवत नाही."

"सनद गेलीय आणि ही गादीचं ठिगळ बघतेय," रेन म्हणाला.

"तू गप्प बैस," हिल्डा त्याला म्हणाली. "नॅन, जमिनीला मेण कधी लावलंस?"

"आज आठला. पेटी उघडायच्या आधी. आरशासारखी केलीय बघ."

हिल्डा गुडघ्यावर बसली. बाकासमोर त्या चकचकीत लाकडी जमिनीवर काहीतरी बारीक, पिवळट, केसाएवढं पडलं होतं. तिनं ते चिमटीत धरलं, बोटावरून एका दिशेनं फिरवलं, मग उलट दिशेनं. उलट दिशेनं ते बोटाला अडकलं. तिनं ते हळूच रुमालात गुंडाळलं आणि कुणाला दाखवलं नाही.

३

खालच्या दालनात मुष्टियुद्धाचा चौक, घामाचा वास आणि भिंतीला टेकलेल्या घडीच्या खुर्च्या. साधूंच्या काळी खालचं-वरचं मिळून एकच उंच भोजनगृह होतं. सातू भिजवून वाळवायला जागा हवी म्हणून मंडळाच्या भाडेकरू सातूवाल्यांनी मधे लाकडी मजला घातला. त्यांच्यानंतर गोटीच्या बाटल्यांतलं आल्याचं पेय बनवणारे आले. हिल्डा सात वर्षांची असताना तिचा बाप इथं भट्टी दुरुस्त करायला यायचा, आणि ती व कथबर्ट याच खालच्या दालनात लपाछपी खेळायची. कथबर्ट कधी म्हणून सापडला नाही. दर वेळी राज्य हिल्डावरच यायचं. ते दुखणं सत्तावन्न वर्षांनीही पुरतं बरं झालेलं नव्हतं.

बार्नीवर संशय घ्यायचा तर घेता आला असता. गेल्या आठवड्यात चिखलाच्या बुटांवरून त्याचं नॅनशी कडाक्याचं भांडण झालं होतं. पण मठ पडला की त्याचा आखाडा रस्त्यावर. नऊपासून तो इथंच होता, मधे साडेदहाला वीस मिनिटं मागच्या अंगणात चहा टाकायला गेला, एवढंच.

"तेव्हा इथं कोण होतं?"

"रेनसाहेब. पाहुण्यांना खुर्च्या लागतील म्हणून त्या कोनाड्यातून बाहेर काढत होते. स्वतःच्या हातानं, बाई. एवढ्या वर्षांत त्यांनी या मठात साधा चमचा उचललेला मी पाहिला नव्हता. म्हटलं, आज सूर्य कुठून उगवला."

दुसरा संशयित होता पालिकेचा मोजणीदार, हॉलिस. पोरगेला, केसांना तेल चोपडलेला, हातात फीत. अर्धं गाव म्हणत होतं की चोर हाच, कारण मठ पाडण्यासाठीच तर तो आला होता. हॉलिसला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याला वेगळाच राग आला होता, आणि तो हिल्डावर निघाला.

"बाई, तुम्ही गवंडी ना? मग मला सांगा, ही भिंत कोणत्या आंधळ्यानं बांधली? खिडकीपाशी मोजली तर तीन फूट. या खुर्च्यांच्या कोनाड्यापाशी बाहेर-आत धरून साडेपाच. सकाळपासून तीनदा मोजली. माझा नकाशा जुळतच नाही."

"कोनाडा किती खोल?"

"दीड फूट. मग मागे फळ्या. उरलेले चार फूट काय नुसता दगड भरलाय?"

भिंतीचा तो फुगवटा बाहेरून हिल्डाच्या ओळखीचा होता; तीन आठवडे ती त्याच्याच दरजा भरत होती. जुन्या धुराड्याचा असेल, असं तिनं धरलं होतं. पण त्यात वीतभर रुंदीची, चुन्यानं बुजवलेली एक उभी फट होती. परवाच तिच्या मनात आलं होतं की धुराड्याला खिडकी कशाला लागते. मग पाऊस आला आणि ती विसरली.

"पोरा," ती हॉलिसला म्हणाली, "तुझा नकाशा अगदी बरोबर आहे."

ती कोनाड्याशी गेली. रिकामा होता. मागच्या फळ्या जुन्या, काळ्या. तिनं एक रेटली. ती निमूटपणे आत सरकली. आतून बंद घराचा, धान्याच्या जुन्या कोंड्याचा वास आला आणि हिल्डाला शिंक आली.

वर टेबल मांडायला सुरुवात झाली होती. पोलीस अजून आला नव्हता. रेननं नॅनला स्वयंपाकघरात बसवून बाहेरून कडी लावून घेतली होती. घड्याळात साडेबारा झाले होते.

हिल्डानं बार्नीच्या कानात दोन गोष्टी सांगितल्या. एक ऐकून तो हसला. दुसरी ऐकून त्याचं हसू मावळलं आणि तो म्हणाला, "आणि आत सनद नसलीच तर?"

४

एक वाजता महापौर आले. गळ्यात साखळी, बगलेत गावाच्या अर्ध्या सनदेची नळी. अकरा टोप्या उठून उभ्या राहिल्या आणि बसल्या. जेवताना बोलायचं नाही, हा साधूंचा नियम मंडळानं जसाच्या तसा ठेवला होता. जेवण संपत आलं की प्रमुखानं सभासदांची नावं वाचायची, ज्याचं नाव येईल त्यानं टोपी उचलून "आहे" म्हणायचं. त्यामुळे मटण आणि बटाटे मुकाट्यानं गिळले जात होते. सनद गेल्याचं सगळ्यांना कळलं होतं. नव्वदीच्या एका सभासदाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. हॉलिस दाराशी फीत गुंडाळत उभा होता.

पावणेदोन झाले. रेन नावांची यादी घेऊन उठला. त्यानं घसा खाकरला, टोपीखाली कानशिलाजवळ खाजवलं, आणि तोंड उघडणार, एवढ्यात दक्षिणेच्या भिंतीत धप्प असा आवाज झाला.

कमानीतली गादी उडून जमिनीवर पडली. बाकाची फळी वर उचलली गेली. खालून आधी एक पांढरं डोकं आलं, जळमटांनी माखलेलं, मग खांदे, मग हिल्डा मेटकाफ कमरेपर्यंत त्या कमानीत उभी राहिली. बसण्याएवढी बुटकी वाटणारी कमान तिला अगदी मापात बसली, कारण तिचे पाय जमिनीच्या तीन फूट खाली, शेवटच्या दगडी पायरीवर होते.

"उशीर झाला, माफ करा," ती महापौरांना म्हणाली. "जिना अरुंद आहे आणि मी जाड."

मौनाचा नियम तिथंच मोडला. सगळे एकदम बोलू लागले. हिल्डानं हात वर केला, आणि हातात पिवळट चामडं होतं, नागमोडी काठाचं. मग जी शांतता झाली, ती तिला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. तिला ती फार आवडली.

तिनं सावकाश सांगितलं. साधू मुकाट्यानं जेवायचे आणि त्यातला एक भिंतीतल्या सज्ज्यात उभा राहून त्यांना धर्मग्रंथ वाचून दाखवायचा. असल्या प्रत्येक मठात तो सज्जा असतो आणि तिथं चढायला भिंतीच्या पोटातून जिना असतो. विद्वान मंडळी इथं येऊन सज्जा शोधून गेली, त्यांना सापडला नाही, कारण ती खालच्या दालनाच्या भिंतीत अर्ध्या उंचीवर शोधत राहिली. अर्ध्या उंचीवर सातूवाल्यांनी मजला घातलाय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सज्जा वर राहिला आणि त्याचा बाक झाला. जिना खाली राहिला, त्याला फळ्या ठोकल्या आणि त्याचा कोनाडा झाला.

"म्हणजे चोर जिन्यानं आलाच, फक्त नॅनच्या जिन्यानं नाही आला. खालून फळी उचलली, गादी पडली, परत जाताना फळी अर्धी उघडी धरून ठेवली, ती उलटी. आता चोर कोण." तिनं रुमाल उघडला. "हे सातूचं कुसळ. आज सकाळी आठनंतर या जमिनीवर पडलेलं. सातू या मठात सत्तर वर्षं आलेला नाही, आणि नॅनच्या झाडूतून सत्तर दिवस कुसळ वाचणार नाही. भिंतीतला जिना मात्र कुणी कधी झाडला नाही. तिथं अजून कोंडा आहे, घोट्याएवढा, त्यातच ही सनद ठेवलेली होती, आणि छत इतकं खाली की डोकं घासतं. बघा माझी अवस्था."

महापौर म्हणाले, "मग ज्याच्या कपड्यांवर कुसळं असतील..."

"कोट झटकता येतो. ब्रश मारता येतो. आज हा कोट फारच छान ब्रश केलेला आहे." ती रेनकडे वळली. "कथबर्ट, कुसळाला दाते असतात. लोकरीत शिरलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही. सकाळपासून तू माकडासारखा खाजवतोयस. टोपी काढ."

रेनचा चेहरा कणकेसारखा झाला. "नावं वाचून होईपर्यंत टोपी काढता येत नाही," तो म्हणाला.

"तेच तर. दुसरा कुणी चोर असता तर त्या भोकात शिरताना आधी टोपी काढून खिशात घातली असती. कुणी बघत नव्हतं, तरी तुझा हात टोपीकडे गेला नाही. या दालनात असं करणारी अकराच माणसं आहेत. त्यातली दहा साडेदहाला बाजारात दारूच्या गुत्त्यात होती, बार्नी विचारून आलाय. आणि त्या अकरांत एकाचाच आजा शेवटचा सातूवाला होता, ज्यानं त्या फळ्या ठोकल्या. लपाछपीत तू कुठं जायचास, ते मला आज कळलं."

नव्वदीचा म्हातारा काठी टेकत उठला, प्रमुखासमोर उभा राहिला आणि त्यानं स्वतःच्या हातानं त्याची टोपी उचलली. कपाळावर कानापासून कानापर्यंत तांबडे ओरखडे होते. टोपी त्यानं उलटी केली. आतल्या लोकरीत कुसळं रुतलेली होती, डझनभर तरी.

"जाळायला हात धजला नाही," रेन हळू आवाजात म्हणाला. "परवा मीच शोधून देणार होतो. फक्त आजचा दिवस ती नको होती."

कारण विचारायची कुणाला गरज नव्हती. त्याचं फर्निचरचं दुकान मठाच्या पाठीमागे होतं, सहा महिने मठाच्या सावलीत. मठ पडला की दुकानाच्या काचा थेट बाजारचौकात उघडणार होत्या.

५

महापौरांनी नळीतून गावाचा अर्धा काढला. हिल्डा सज्ज्यातून उतरली नाही. तिनं आपला अर्धा खाली दिला. दोन्ही टेबलावर ठेवले, चार वजनं ठेवली. नागमोडी काठ एकमेकांत असे बसले की मधली रेघही शोधावी लागली. महापौरांनी दोनदा बोट फिरवून पाहिलं. बाहेर चर्चच्या घड्याळात दोन वाजले.

"जुळले," महापौर म्हणाले. पालिकेचा माणूस असूनही त्यांना हसू आवरलं नाही. हॉलिसनं बस-थांब्याचा नकाशा घडी करून खिशात घातला आणि आपली भिंतीची मोजणी बरोबर निघाली, हे शेजारच्या दोघांना पुनःपुन्हा सांगितलं. रेन उघड्या डोक्यानं नॅनचा जिना उतरून गेला. खाली दाराशी पोलीस नुकताच पोचला होता.

बार्नीनं स्वयंपाकघराची कडी काढून नॅनला वर आणलं. ती एप्रन घालून, डोक्याला फडकं बांधून, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आत काय झालं ते तिला वाटेत कळलं होतं, आणि आता कुठं उभं राहावं ते कळत नव्हतं.

"नावं राहिली," म्हातारा म्हणाला. "प्रमुख नाही. कोण वाचणार?"

सगळ्यांनी सज्ज्याकडे पाहिलं. हिल्डानं यादी मागून घेतली, चष्मा पुसला. चारशे वर्षांनी तिथून कुणीतरी वाचणार होतं, आणि तिचा आवाज दगडी कमानीतून निघून ओकच्या छपराला असा भिडला की ती स्वतःच क्षणभर थांबली. साधूंना अक्कल होती, असं तिला वाटलं.

दहा नावं झाली. दहा टोप्या उठल्या, दहा वेळा "आहे" आलं. अकराव्या नावावर तिनं पेन्सिलीनं रेघ मारली आणि चष्म्यावरून टेबलाकडे पाहिलं.

"एक जागा रिकामी आहे. चारशे वर्षांत बाई नव्हती म्हणून कुणाची हरकत?"

म्हाताऱ्यानं सगळ्यांत आधी टोपी उचलली. मग एकामागून एक उरलेल्या नऊ जणांनी. आपला अर्धा विसरून महापौरही टाळी वाजवायला लागले, मग मौनाचा रिवाज आठवून थांबले.

हिल्डानं पेन्सिलीनं नाव लिहिलं आणि वाचलं.

"नॅन टर्विल."

नॅनला टोपी नव्हती. तिनं डोक्याचं फडकं सोडलं आणि उंच धरलं. त्याला चिकटलेली बटाट्याची साल जमिनीवर पडली, तिनं घासून आरशासारख्या केलेल्या जमिनीवर, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती उचलायला ती वाकली नाही.

"आहे," ती म्हणाली.